नऊ पट दाबाच्या गाडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त परिचारिका, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून वागायची सवय मला कधी नव्हती, आता कुठून लागणार?

कलम १. राहते घर मुलास. गळके छप्परही त्यालाच, कारण दहा वर्षे तो "बघतो, बघतो" म्हणतो आहे.

कलम २. बँकेतील ठेव मुलीस. तिने तिचे काय करावे, हे तिला कोणीही शिकवू नये.

कलम ३. माझी जुनी विलायती गाडी. दवाखान्याच्या चढणीवर पायी जाणारे लोकही तिला मागे टाकीत. म्हणून माझ्या पतींनी इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, खालच्या बाजूने दीड मिलिमीटर घासून घेतले. सात पट दाबले जाणारे पेट्रोल-हवेचे मिश्रण आता नऊ पट दाबले जाऊ लागले. जोर आला, पण चढणीवर इंजिन खडखडू लागले. थोरले दीर, गॅरेजवाले, चारचौघांत म्हणाले, "वाटोळं केलंस इंजिनाचं!" हे खाली मान घालून उभे राहिले. मला ते मुळीच सहन झाले नाही.

मी हेड उतरवून घेतले. मिश्रण जिथे दाबले जाते त्या त्याच्या चार पोकळ्यांवर एकेक करून मधोमध भोक असलेली काच ग्रीसने चिकटवली आणि इंजेक्शनच्या सिरिंजने रॉकेल मोजून भरले.

"हे इंजिन आहे, पेशंट नाही," दीर हसले.

"भाऊजी, आधी आजार तर कळू दे."

चौथी पोकळी तीन मिलिलिटरने लहान निघाली. तिथेच दाब जास्त, खडखडही तिथलीच. चारही सारख्या होईपर्यंत मी ती आतून घासून मोठी केली. मग ती चढण टॉप गिअरमध्ये चढले. दिरांची नवी कोरी गाडी मागे राहिली, आणि मी आरशात बघून खुशाल हसले. तेव्हापासून एकेचाळीस वर्षे दीर गिऱ्हाइकांना सांगतात, पोकळ्या आपणच मोजल्या!

मुलगा म्हणतो, "आई, हेडखाली जाड गॅस्केट घालू, पोकळी वाढून दाब कमी होईल, कसलंही पेट्रोल चालेल." सून म्हणाली, "दाबाला हात लावायचा नाही. ठिणगीचं टायमिंग जरा मागे घेऊ." गाडी, हत्यारे आणि सिरिंज सुनेस. जाड गॅस्केट घरात आणू नये.

कलम ४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगितले तेव्हा मला फार आनंद झाला. थोरल्या दिरांना काहीही दिलेले नाही, साक्षीदार केले आहे. सहीपूर्वी त्यांनी कलम ३ सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. चष्मा विसरल्याची सबब चालणार नाही.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: शेजारचे डॉक्टर. बाई ठणठणीत आहेत. (सही)

साक्षीदार २: थोरले दीर, गॅरेजवाले. कलम ३ तिच्याच चष्म्याने मोठ्याने वाचले. खरे आहे. पोकळ्या तिने मोजल्या, मी नाही. एकदा ती गाडी चढणीवर चालवायला मिळेल का? (सही)