बोकडाच्या डाव्या कानाची दुसरी खाच

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
शेळी-मेंढी उष्णता-सहनशील वंश संशोधन प्रकल्प,
मुक्काम नाकोरिम, तुर्काना.

विषय : आपण कान कातरल्यामुळे परक्याचा ठरलेला बोकड परत मिळण्याबाबत.

संदर्भ : 'मालकीचा पुरावा म्हणून कानाच्या खुणेचा फोटो जोडावा' असे सुचवणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार अजिकोन, कै. एकिदोर यांची पत्नी, शेळ्यांच्या दुधावर सहा मुले पोसणारी, हिचे सविनय निवेदन की, गेल्या कोरड्या हंगामात आपले पथक दोन गाड्या व बाटलीबंद पाण्याची खोकी घेऊन तिच्या कुंपणाशी आले. अर्जदाराचा लाल मानेचा बोकड भर दुपारी चरत होता आणि आपण तंबूत धापा टाकत होतात. "हा मरत कसा नाही?" असे आपण विचारलेत. अर्जदार म्हणाली, "जे मरायचे ते मेले, साहेब. हा उरलेल्यांचा नातू आहे." हे उत्तर वहीत घेतले गेले नाही. त्याऐवजी बोकडाच्या डाव्या कानाचा तुकडा चिमट्याने काढून बर्फाच्या पेटीत नेण्यात आला.

२. जनावर कोणाचे हे आमच्याकडे कानावरून ठरते, हे शेंबडे पोरही सांगेल. एक खाच अर्जदाराच्या कुळाची, दोन खाचा लोतिएंग यांच्या कुळाच्या. आपण नेमकी दुसरी खाच पाडलीत. अर्जदाराने हात धरला तेव्हा आपल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "घाबरू नका हो, त्याला दुखत नाही." दुखण्याबद्दल कोणी विचारलेच नव्हते.

३. पुढे पाणवठ्यावर लोतिएंग यांनी कान पाहिला आणि बोकड नेला. अर्जदाराने झाडाखालच्या बैठकीत सर्व हकिगत सांगितली. तेव्हा वडीलधारे एबेन्यो म्हणाले, "अगं, बोकडाचा कान कापायला राजधानीतून शिकलेली माणसं येतील होय? पटेल असं काहीतरी सांग." लोतिएंग म्हणाले, "कान बोलतोय की, बाई. तू कशाला घसा कोरडा करतेस?" अखेर बैठकीने ठरवले की, ज्याने कान कापला त्याने झाडाखाली येऊन तसे एका वाक्यात सांगावे, म्हणजे बोकड तिथल्या तिथे परत मिळेल.

४. ते एक वाक्य मिळावे म्हणून हा सातवा अर्ज. पूर्वीच्या सहांना उत्तरादाखल अर्जाचा एक कोरा नमुना, संदर्भातील पत्र व आपला अडतीस पानी अहवाल मिळाला. सदर बोकड ऊन सोसतो, असा शोध त्यात लागला आहे. अभिनंदन. आपण भेट दिलेले थंड डोंगराळ भागातले दोन पांढरे बोकड दुसऱ्याच दिवशी मेले, तेही छत्रीखाली. उंटावरून शेळ्या हाकणारे आमच्याकडेही आहेत, पण ते निदान उंटापर्यंत चालत येतात.

५. आम्ही कळपात एकच उत्तम नर ठेवतो, बाकीचे खच्ची करतो. तो नर या महिन्यात शेळ्यांत सोडला नाही, तर पावसाबरोबर करडे होणार नाहीत, आणि करडे नाहीत तर दूध नाही. अर्जदाराला भीती वाटते, आणि ते लिहिण्यात तिला कमीपणा वाटत नाही. लोतिएंग यांच्या घरी येत्या अमावास्येनंतर लग्न आहे. ते म्हणतात, "वंशाला आमचे बोकड आहेत. हा पाहुण्यांना."

६. तरी अमावास्येनंतरचा नवा चंद्र दिसण्यापूर्वी आपण झाडाखाली यावे. गाडीने दीड तास लागतो. ऊन सोसत नसल्यास पहाटे निघावे. आपण न आल्यास, मांस वाटून झाल्यावर त्या बोकडाचा एवढाच तुकडा जगात उरेल, आपल्या बर्फाच्या पेटीत. तो जपावा. मात्र त्याने कोणत्याही शेळीला करडू होणार नाही.

सोबत : १) मृत बोकडांचा पंचनामा. २) छत्री परत केल्याची पोच.

दिनांक : ९ ऑक्टोबर

आपल्या पत्राची नव्हे, आपल्या गाडीची वाट पाहणारी,
अजिकोन (डाव्या हाताचा अंगठा)