राखडी रंगाची गाडी आणि मामाजींचा दुपट्टा

सक्करदरा, नागपूर
बुधवार

तीर्थस्वरूप मामाजी, मु. उमरेड, यांच्या पायांवर भाचा हेमराजचा डोकं टेकून नमस्कार.

तुमचे गुडघे बरे असतील आणि मामीजींचा दमा उन्हामुळे दबला असेल, अशी आशा. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन ठेवून देता, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्रही ठेवून देता येतं, पण मामीजी ते वाचून दाखवल्याशिवाय राहायच्या नाहीत. (मामीजी, जरा मोठ्याने वाचा.) तुमच्या हाताखालचा माग सोडून मी गाड्यांची सीट-कव्हरं शिवायला लागलो त्याला यंदा अकरा वर्षं झाली, आणि तुमच्या रागालाही तेवढीच. खड्ड्यात पाय सोडून विणायचा माझा तो माग अक्षय तृतीयेनंतर तुम्ही मोडणार, असं कळलं. त्याबद्दल शेवटी लिहितो, आधी आमची फजिती ऐका.

मागच्या आठवड्यात विक्की नावाचा एक तरुण ठेकेदार शर्यतीत पळवावी तसली गाडी घेऊन दुकानी आला. गाडी म्हणजे काय सांगू! उंची माझ्या कमरेएवढी, पुढे दोन भल्या मोठ्या नाकपुड्या, मागे पाटाएवढा पंख. (त्यावर कुरडया छान वाळतील, असं तुमच्या सूनबाई मयुरीने बोलून दाखवलं.) दारं बाजूला उघडतच नाहीत, वर जातात, पहिलंच दार माझ्या टिनाच्या छपराला भिडता भिडता राहिलं. आत शिरायचं म्हणजे आधी डोकं, मग एक पाय, मग देवाचं नाव. स्टेअरिंग खालून चपटं, पुढ्यात बटणंच बटणं, आणि सीट इतकी खोल की माप घ्यायला बसलो तर मला दोघांनी ओढून बाहेर काढलं. तुमच्या मागाच्या खड्ड्यातून मी निदान आपला आपण उठत होतो.

विक्कीचं दुखणं आतलं होतं. म्हणाला, "भाऊ, बाहेरून एक नंबर आहे, पण अंदर बसलं की दुसऱ्याची गाडी वाटून राहिली मले. हे असं काळं कातडं साऱ्याइच्याच गाडीत असते." चावी ठेवून तो गेला, आणि मी कापडाच्या नमुन्यांसाठी गांधीबागेच्या बाजारात गेलो. तेवढ्यात घात झाला.

मयुरी कोराडीची. तिथे वीज केंद्राची राखड रोज दारातल्या स्कूटरवर बसायची, आणि ती पुसल्याशिवाय हिच्या घरी चहा होत नसे. या गाडीचा रंगही राखडी, अजिबात न चमकणारा. तो मुद्दाम तसा केलेला असतो, मामाजी. चमकला की बिघडला. हे तिला कोण सांगणार? मी परत आलो तर बाई पॉलिशची डबी घेऊन बॉनेटच्या डाव्या अंगाला घाम गाळत होत्या, आणि परातीएवढा भाग आरशासारखा लखलखत होता.

"काहून घासली वं?" मी ओरडलो.

"अवो, केवढी राखड! हात दुखले, तरी बाकीची निघूनच नाही राहिली."

असला रंग पुन्हा मारून द्यायचा तर दुकानच विकावं लागलं असतं. संध्याकाळी विक्की आला, त्याने पाहिलं आणि मटकन पायरीवर बसला. मयुरीने पाणी दिलं आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "भाऊ, उजवीकडं बी तेवढंच घासून देऊ काय? जोडी होईन." तो पोट धरून हसला आणि खरंच म्हणाला, "द्या घासून!" आता ते दोन चमकते गोल पाहून लोक विचारतात, ही डिझाइन कुठे केली. पोरगं मनाचं मोठं आहे. मला तर रडूच फुटलं.

पण खरी गोष्ट पुढे झाली. तोंड पुसायला त्याने मयुरीच्या हातातलं कापड घेतलं आणि थबकला. (माफी असावी. माझ्या लग्नाला तुम्ही आला नाहीत, पण मामीजींच्या हाती स्वतः विणलेला दुपट्टा पाठवलात, तोच तो. इतक्या मऊ सुताने ओरखडा पडत नाही, हे मयुरीचं म्हणणं.) काठ चाचपून तो म्हणाला, "सीटच्या मधात हेच लावा. राखडी कापड, लाल करवती काठ. कोनं विणलं हे?" मी उत्तर दिलं आणि काम पक्कं झालं.

मामीजींना नमस्कार. रागावा हवं तितकं, माया तेवढी तुटू देऊ नका.

तुमचाच,
हेमराज

ता. क. मी विक्कीला "म्या विणलं" असं सांगितलं. जिभेला हाड नसतं. पण खरं सांगतो, ते बोलताना अकरा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. आता महिन्याभरात सहा मीटर कापड द्यायचं आहे, आणि मला तुटलेला धागा जोडणंसुद्धा आठवत नाही. माग मोडू नका. मी रविवारी येतो. आधी मनात आहे ते सगळं बोलून घ्या, मग मला खड्ड्यात बसवा.

आणखी एक. मी निघून गेलो तेव्हा अर्धवट राहिलेलं माझं राखडी कापड तुम्ही अजून मागावरून कापलेलं नाही आणि दर दिवाळीला त्यावरची धूळ स्वतः झटकता, असं मामीजींनी सांगितलं. (मामीजी, हे वाचताना थांबू नका.) मामाजी, ते किती मीटर झालं होतं, तेवढं मोजून ठेवा. मी त्याच्या पुढचं विणीन.