लग्नानंतरचं रुखवत

उत्रोली, ता. भोर
मंगळवार

प्रिय अशू,

मायन्यातच गाडी अडकली बघ. नुसतं 'चि.' लिहावं तर जावयांचा अपमान, 'चि. सौ.' लिहावं तर या घरात तुझं लग्न अजून मंजूर झालेलं नाही. शेवटी 'प्रिय' लिहिलं, त्यावर कुणाला हरकत घेता येत नाही. फोन सोडून अण्णांनी पत्र का लिहिलं असं तुला वाटेल. त्याचं कारण शेवटी सांगतो. पण आधी हे ऐक. इतके महिने मी गोठ्यात जाऊन, म्हशीच्या आडोशाला उभं राहून तुझ्याशी बोलायचो ना, ते तुझ्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी फोन ठेवून आत आलो की ती विचारायची, "म्हस बरी हाय का?" एकदा मी म्हणालो, "बरी आहे, जरा सर्दी झालीय." सर्दी तुला झाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं ओव्याची पुरचुंडी बांधून माझ्यापुढं टाकली आणि "म्हशीला पोचवा" म्हणाली. मी मूर्खानं ती म्हशीच्याच गळ्यात बांधली. परवा सगळं उघडं झालं तेव्हा तिनं मला जे काय सुनावलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

माघात तुम्ही दोघांनी पुण्यात जाऊन सह्या केल्यात आणि बाहेर येऊन फोन केलात. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली आणि राग गेला. माझं असंच आहे. तुझ्या आईचं तसं नाही. स्वरूप दिसायला कसा, वेल्ह्यात घर केवढं, तुझी शाळेतली नोकरी चालू राहणार का, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "रजिस्टर लग्नात रुखवत कुठं मांडत्यात? सायबाच्या टेबलावर, शिक्क्याशेजारी?" तू हसशील, पण तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ती तुझं रुखवत मनात मांडत होती. भावकीतल्या कुठल्याही लग्नात जेवणाआधी ती रुखवताच्या टेबलापाशी जायची. "ह्ये अशूच्या वेळंला करू, ह्ये नगं, भडक दिसतंय," अशी तिची तपासणी चालायची. ते सगळं एका सहीत बारगळलं. तेव्हापासून घरात वेल्ह्याचं नाव निघत नाही. स्वरूपचं तर नाहीच नाही, तो नुसता 'त्यो'. भोरच्या स्टँडवर वेल्ह्याची गाडी लागली की ती पाठ करून बसते, आणि मी जन्मभर एस.टी. चालवलेला माणूस, मलाही पाठ करायला लावते.

श्रावणात ती भोरला चहापत्ती आणायला गेली आणि पिशवीभर रंगीत कागद घेऊन आली. चहापत्ती विसरली. मन्सूरभाईंच्या स्टेशनरीच्या दुकानावर माडी आहे, तिथं त्यांची मेहनाज कागदकामाचा क्लास घेते. तीच, शाळेत तुझ्या बाकावर बसणारी. तोरणं, फुलं, घरातल्या शोभेच्या वस्तू, हातानं बांधलेले फोटोंचे अल्बम, सगळं शिकवते. "बचत गटाचं परदर्शन हाय, त्याच्यासाठी शिकते," असं आईनं घरात जाहीर केलं, आणि मी मान हलवली. विचारायची सोय नव्हती.

घराचं काय झालं म्हणून सांगू! कॉटवर कार्डशीट, कपाटात क्रेप, देव्हाऱ्यात कात्री, माझ्या दाढीच्या डब्यात मणी. तिनं ट्रंक उघडली आणि आजवर आलेल्या सगळ्या लग्नपत्रिका बाहेर काढल्या. गणपतीचं चित्र टाकायचं कसं म्हणून साठवलेल्या. ज्यांच्या लग्नात आपण जेवलो त्यांच्या पोरांची लग्नं झाली, पत्रिका मात्र आपल्याकडं. त्यातले गणपती कापून तिनं भिंतीला ओळीनं लावले. आता घरात शिरणारा माणूस आधी हात जोडतो आणि मग चपला काढतो. त्यात आपल्याकडचा पाऊस. या दमट हवेत गोंद वाळतोय होय! तिनं कागदाचा मोर केला आणि सुकायला चुलीवरच्या दांडीला टांगला, तर तो भाजलेल्या वांग्यासारखा दिसायला लागला. शेजारची बनाबाई येऊन म्हणाली, "कोंबडा झ्याक केलाय की!" नागपंचमीपासून राखीपौर्णिमेपर्यंत दोघींचा अबोला होता.

मग मला कामाला लावलं. कागदाच्या बारीक पट्ट्या सुईला गुंडाळून फुलं करायची, त्याला क्विलिंग म्हणतात. सगळा जन्म वरंधा घाटात स्टेअरिंग फिरवण्यात गेला, आता कागदाची पट्टी फिरवतो. "घट्ट नगं, सैल बी नगं, मधलं करा," असा हुकूम. माझं एकही फूल तिला पसंत पडलं नाही. शेवटी चिडलो आणि म्हणालो, मला जे येतं ते मी करतो. खोक्याच्या पुठ्ठ्याची एस.टी. केली. लाल रंग, खिडक्या, आरसे, मागं शिडी, आणि पुढं पाटी, भोर–वेल्हे. पाटी वाचली आणि तिनं एस.टी. उचलून कपाटावर टाकली. "दुसरा रूट न्हवता व्हय?" मी म्हणालो, डेपोनं दिलेला रूट बदलायचा अधिकार ड्रायव्हरला नसतो. त्या रात्री मला भाकरी मिळाली, पण कोरड्यास मिळालं नाही.

या सगळ्या कामातली खरी अवदसा म्हणजे ती चमकी. भातात चमकी, अंथरुणात चमकी, म्हशीच्या पाठीवर चमकी. माझा जुना कंडक्टर, हिर्डोशीचा गेनबा, गेला हे तुला फोनवर सांगितलंच होतं. त्याच्या दहाव्याला मी पांढरी टोपी घालून गेलो. नदीकाठी पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर यायचा, बघायचा, मागं सरायचा. गेनबाच्या पोरांनी म्हातारीला सांभाळतो म्हणून कबूल केलं. कावळा येईना. चुलत्याशी बांधाचं भांडण मिटवतो म्हणून कबूल केलं. तरी येईना. मग कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं. सकाळच्या उन्हात माझ्या मिशा लखलखत होत्या! मला धरून वडामागं नेऊन उभं केलं आणि कावळा लगेच उतरला. पोरांना दोन वचनं फुकट द्यावी लागली, ती माझ्या मिशांपायी. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

घरी येऊन हे मी तुझ्या आईला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. कात्री तशीच हातात धरून म्हणाली, "चमकीनं कशाला आडंल कावळा? माणसाची कायतरी इच्छा ऱ्हायली आसंल." आणि आत गेली. मला एकदम गलबलून आलं गं. इतके महिने मी तिचा राग सांभाळत होतो, पण तिची इच्छा राहून गेलीय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लग्न कुठं झालं, कसं झालं, याचं तिला एवढं नव्हतंच. लेकीसाठी हातानं काही करायचं राहून गेलं, ते तिला सलत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सोनेरी कागद निघाला. तो कापताना ती दाराला आतून कडी लावायची. मी केर काढायला गेलो (होय, हल्ली मी केर काढतो) तर केरात एक सोनेरी 'स्व' सापडला, अर्धा फाटलेला. पुढच्या दिवशी आणखी एक 'स्व'. मग एक 'रू', त्याची शेपटी तुटलेली. सुरुवातच जोडाक्षरानं, ते कात्रीनं कापायचं म्हणजे खेळ आहे का? ज्या पोराचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्याचं नाव ती आत बसून परत परत कापत होती. मी तो केर उकिरड्यावर नेऊन टाकला आणि बनाबाईला दिसू नये म्हणून वर राख पसरली. 'प' मात्र पहिल्या फटक्यात जमला असावा, तो केरात कधी आला नाही.

दिवाळीआधी भोरला प्रदर्शन भरलं. टेम्पोनं सामान नेलं, तिनं एकटीनं मांडलं, आणि माणसं तिच्या टेबलापाशी थांबायला लागली. कागदाची डोली, सप्तपदीची पावलं, भाताच्या लोंब्यांचं तोरण, अगदी आपल्या खाचरातला इंद्रायणी वाटावा असं. मधोमध जाडजूड अल्बम, पानापानाला फुलं, खिसे, नक्षी, फोटो मात्र एकही नाही. मागं नावाची पाटी उभी केलेली, पण नावावर 'नमुना' असा कागद चिकटवलेला. आणि कोपऱ्यात माझी एस.टी.! मला न सांगता आणली होती. वाकून बघितलं तर ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत एक कागदाची बाई बसवलेली. हिरवं लुगडं, नाकात मण्याची नथ, मांडीवर पिशवी. बाई, तिकीट काढलंय का, असं विचारणार होतो. पण तुझ्या आईच्या हातात कात्री होती म्हणून गप्प बसलो.

तेवढ्यात भोंगवलीचे कुंडलिकराव आले. तुळशीचं लग्न झालं की त्यांच्या मुलीचं लग्न आहे. म्हणाले, ताई, हे सगळं रुखवत मला द्या, तुम्ही म्हणाल तो भाव. मेहनाज तर टाळ्याच वाजवायला लागली. आई म्हणाली, "रंग कच्चा हाय." चालेल, म्हणाले. "उंदरांनी कुरतडलंय." कुठं, म्हणाले. "आतनं." कुंडलिकराव हसायला लागले, आणि त्या पाटीवर आपल्या पोरीचं नाव मावेल का बघावं म्हणून त्यांनी 'नमुना'चं टोक धरून जरासं उचललं. आपल्याकडच्या हवेत गोंद वाळत नाही हे मी वर लिहिलंच आहे. अख्खा कागद त्यांच्या हातात आला. खाली सोनेरी अक्षरांत, अश्विनी – स्वरूप.

उत्रोलीच्या निम्म्या बाया तिथंच होत्या आणि आपल्या घरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. बनाबाईच्या पोटात काही राहत नाही, ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, ह्ये तर आपल्या अशूचं!" मला वाटलं, आता ही टेबल उलथवते. तर तुझ्या आईनं पदर खोचला आणि कुंडलिकरावांना म्हणाली, "व्हय. लेकीचं हाय. इकायचं न्हाई." आणि खोचलेला पदर काढून डोळ्यांना लावला. मग मेहनाजनं "काकू, काकू" करत तिला मिठी मारली, बनाबाई रडायला लागली, कुंडलिकरावांना पोरीची पाठवणी आठवून भरून आलं, आणि मी बाहेर जाऊन टेम्पोवाल्याशी उगाच टायरवर बोलत उभा राहिलो. बक्षीस कुणाला मिळालं ते विचारायचं राहूनच गेलं.

आता पत्राचं कारण. हा फुलाफुलांचा लिफाफा तुझ्या आईनंच केलाय. पत्ता तिनंच लिहिलाय, अक्षर तू ओळखशील. काल माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "वाया गेलाय, कुणाला तरी लिवून संपवा. म्या सांगितलं म्हणून लिवू नगा." म्हणून मी तसं लिहीत नाही. येत्या रविवारी पहिल्या गाडीनं आम्ही दोघं वेल्ह्याला येतोय, रुखवत घेऊन. एक भिंत मोकळी ठेव. चमकी आता तुमच्याकडं मुक्कामाला येतेय, तिच्यासाठी मनाची तयारी ठेव. अल्बमचं पहिलं पान तिनं कोरं ठेवलंय, नुसते चार कोपरे चिकटवून. तुमचा सह्यांच्या दिवशीचा फोटो कागदावर छापून आण, मोबाईलमधला तिला चिकटवता येत नाही. आणि आम्ही दारात आलो की तुला काहीच माहीत नव्हतं असं तोंड कर. बाकी सगळं ठीक. नुसते कागद घेऊन लेकीच्या घरी कसं जायचं, म्हणून ती चिवड्याचं सामान काढून बसलीय आणि मघापासून मिरच्या हातात धरून अडलीय. हे लिहीत असतानाच आतून हाक आली, "अवो, लिवताय न्हवं? मग तेवढं इचारा, स्वरूपरावांना तिखट चालतं का." ऐकलंस ना, अशू? लगेच कळव. फोन केलास तरी चालेल. आता म्हशीकडं जाणार नाही, इथं चुलीपुढंच उचलतो.

तुझाच,
अण्णा