गुलाबी सायकलीचा खुलासा

चि. रुबाबदार बंधुराजांस, ताईचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला आणि केस अजून आहेत, हे वाचून समाधान वाटलं. इकडे सगळे ठीक. सासूबाईंचे गुडघे हवेप्रमाणे आणि यांचा स्वभाव सासूबाईंच्या गुडघ्यांप्रमाणे. तुझी सायकलही खुशाल आहे. ती आता थोडी गुलाबी आहे, एवढंच.

उठून उभा राहू नकोस, बस. क्रमाने सांगते. 'पुढच्या महिन्यात न्यायला येतो, तोवर गंज घासून काळा रंग देऊन ठेव, काळाच,' असं तू लिहिलं होतंस. ('काळाच'खाली दोन रेघा मारल्या होत्यास. मी काय आंधळी आहे?) तुझी बदली झाली आणि तू सायकल आमच्या गळ्यात टाकून गेलास, तेव्हापासून मी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलंय. उभी सायकल गंजते, म्हणून रोज फिरवलीसुद्धा, शिवणाच्या वर्गापर्यंत आणि परत. मधला दांडा आडवा येतो, पण सवय होते. वाटेत तो मोठा पूल लागतो ना, त्याच्या उतारावर तर पायही मारावे लागत नाहीत. (हे सगळं केवळ चेनसाठी.)

आधी मी गाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने सायकल बघितली, मला बघितलं आणि म्हणाला, "ठेवून जा ताई, सवडीने करू." त्याच्या दारात सवडीची वाट बघणाऱ्या दोन स्कूटर उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर मांजरीने संसार थाटला होता. मी आल्या पावली परत फिरले. घरी हे म्हणाले, मीच रंगवतो. आता तुझे भावोजी पडले कवळ्या बनवणारे. दिवसभर दातांच्या छटा जुळवायच्या, हिरड्या घडवायच्या. कवळी काय आणि सायकल काय, फरक फक्त आकाराचा, असं त्यांचं मत. चाकं, हँडल, सीट सगळं सुटं झालं, फ्रेम मधल्या खोलीत आली आणि आम्ही पलंगावरून ये-जा करू लागलो. हे गंज घासायला बसले तेही कवळीला लावतात त्या मऊ कागदाने, असे अलगद की सासूबाईंना राहवेना. "अरे, दुखत नाहीये तिला," त्या म्हणाल्या. शेवटी मीच जाडा पॉलिश पेपर घेऊन बसले आणि दुपारपर्यंत लोखंड उघडं केलं. मग अस्तराचा हात देऊन फ्रेम कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगली. (अस्तराला थोडी लोकर चिकटलीय. सासूबाईंची शाल. त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

आता मुख्य अपघात. आमच्या घरची रीत तुला माहीतच आहे. डब्यावर जे लिहिलेलं असतं ते डब्यात नसतं. चहाच्या डब्यात मोहरी, बिस्किटांच्या डब्यात बटणं. पाहुण्याने आपल्या हाताने चहा करून प्यावा, अशी सोयच नाही. त्या रीतीला धरून काळ्या रंगाच्या डब्यात निघाला गुलाबी. (कुणी ओतला, कधी ओतला, हे उकरून काढण्यात आता अर्थ नाही. झालं गेलं.) मी नेमकी स्वयंपाकघरात होते. रंग उडेल म्हणून यांनी चष्मा काढून ठेवला होता. शिवाय रोज हिरड्या बघून बघून गुलाबी रंग यांना वेगळा असा दिसतच नसावा. मी हात पुसत बाहेर येते तो फ्रेम रंगून तयार. वर यांचं तत्त्व असं की हाती घेतलेलं काम तडीस न्यावं, त्यामुळे दुसरा हातही गुलाबीच दिला. तसा रंग वाईट नाही. सासूबाईंच्या नव्या कवळीच्या हिरड्या तंतोतंत त्याच रंगाच्या आहेत. त्या सायकलीशेजारी उभ्या राहून हसल्या, तेव्हा दोन्ही एकाच कारखान्यातून आल्यासारख्या वाटल्या.

वरून काळा मारा, असं तू म्हणशील. पण यांचं म्हणणं, आता एवढा जाड थर बसलाय की वर आणखी रंग दिला तर पापुद्रे सुटतील. माझा नाइलाज आहे. वाईट एवढंच वाटतं की सायकल तुझी लाडकी. मोजे शर्टाला शोभेनात म्हणून माझ्या लग्नाला उशिरा पोचलेला तू. तो हिरड्यांच्या रंगाच्या सायकलीवरून ऑफिसच्या फाटकातून आत शिरतोय, पहारेकरी तोंड फिरवून हसतोय, हे डोळ्यांसमोर आलं की मला झोप लागत नाही.

प्रकृतीला जप. रात्री दही खाऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. तेव्हा मला वाटतं, तू सायकल न्यायला येऊच नकोस. तिकडे नवी घे, काळीच घे. ही इथे पडून राहील. लोक हसतील ते मी सोसेन.

ता. क. दुसरा. तू सायकल शिकत होतास तेव्हा कॅरिअर धरून मागे कोण धावलं होतं, आठवतं? तुला चालवता आल्यावर माझी पाळी होती. तू सुसाट निघून गेलास आणि मी रस्त्यात उभी राहिले. मला फार वाईट वाटलं होतं. ती पाळी मी आता घेतली, असं समज.

ता. क. तिसरा, भावोजींकडून. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय आणि पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. दुधी पांढरा आणि पिवळट पांढरा यांतला फरक ओळखून पोट भरणाऱ्या माणसाला काळा आणि गुलाबी ओळखता आला नाही, यावर तुझा विश्वास बसला असेल तर उत्तम. डब्याचं झाकण उघडल्यावर मी चष्मा काढून खिशात ठेवला. काळा रंग तांदळाच्या पिंपामागे, 'साबण' लिहिलेल्या डब्यात आहे. मला तो अजून दिसलेला नाही. संध्याकाळी पुलाचा उतार उतरताना तुझी ताई घंटा वाजवत येते, समोर चिटपाखरू नसलं तरी. आम्हाला घरात ऐकू येते. तू जरूर ये, चार दिवस राहा, पण जाताना बसने जा.