वालूबाई आली का?

॥ श्री ॥
खामगाव
१५ नोव्हेंबर १९६९

चि. शैलजा हिस अनेक आशीर्वाद.

या पत्रातलं अक्षर वाईट आहे आणि त्याचा दोष माझा नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. दोष कापसाचा आहे. आमच्या घरामागचा जिनिंगचा कारखाना दसऱ्याला सुरू झाला, तेव्हापासून खामगावात श्वास घेण्याजोगी हवा फार थोडी उरली आहे. बाकी सगळी रुई. ती चहावर साय धरते, माझ्या काळ्या टोपीला म्हातारपण आणते आणि आत्ता टाकाच्या निबला दर दुसऱ्या ओळीत मिशी फुटते आहे. मी जिनिंगच्या मालकांकडे रीतसर तक्रार नेली. त्यांनी ती गंभीरपणे ऐकून घेतली आणि शाई बदलून पाहा म्हणाले. तेव्हा वरचा 'आशीर्वाद' झाडूसारखा दिसत असला, तरी तो आशीर्वादच समजावा.

काल पुन्हा तिघंजण चंद्राकडे निघाले. सकाळच्या बातम्यांत ऐकलं. तुझी काकू म्हणाली, की आता या लोकांना सवयच लागली म्हणायची. मला मात्र आपल्या घराच्या धाब्यावर, त्या मातीच्या गच्चीवर, काढलेल्या रात्री आठवल्या. तुला आठवतात की मॅट्रिकच्या वर्षात ते सगळं बाद?

आता खरं काम. भाऊबिजेला आत्यानं चिवडा माझ्या ताटलीत न वाढता ताटलीशेजारी पाटावर वाढला, आणि मला किसना म्हणून तुरीला फुलोरा कसा आहे ते विचारलं. किसनदादा, म्हणजे तुझे बाबा, समोर बसून हसले. मला हसू आलं नाही. आई गेल्यावर ज्या बाईनं आम्हा दोघा भावांना वाढवलं, तिला आम्ही दोघं वेगळे दिसेनासे झालो आहोत. चिखलीच्या डॉक्टरांनी घरी येऊन विजेरी लावून पाहिलं ते तुला ठाऊक आहे. डावा डोळा गेल्यात जमा. उजव्यातला मोतीबिंदू पिकला आहे. या हंगामात काढला नाही तर तोही डोळा हातचा जाईल.

इथे डिसेंबरात डोळ्यांचं शिबिर भरतं आहे. मी नाव घातलं आहे. तिला इथे आणायचं काम तुझ्यावर. दादा ओरडतात, मी विनोद करतो; या दोन्हींना ती आमच्या लहानपणापासून भीक घालत नाही. तुझं ऐकते.

लोभ आहे तो कमी करायचा विचार असल्यास आगाऊ कळवावं.

तुझा,
भालचंद्रकाका


॥ श्री ॥
उंद्री
१९ नोव्हेंबर १९६९

ति. भालचंद्रकाकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा झाडू पोचला. आईनं तो आशीर्वाद म्हणूनच स्वीकारला.

काका, मला सगळं आठवतं, आणि तुम्हाला सोयीचं नाही तेही आठवतं. पहिला माणूस वर गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. तुम्ही सुटीत आला होता. आम्हा पोरांना धाब्यावर ओळीनं निजवलंत, पाय उत्तरेकडे, आणि प्रत्येकानं मूठभर फुटाणे आणायचे अशी अट घातलीत. फुटाणे तुम्हीच खाल्ले. कडूबा घोरायला लागला. सहदेवनं काजव्याला पाहून यान आलं, यान आलं म्हणून आरोळी ठोकली, ती ऐकून शेजारचे गुलाबराव काठी घेऊन बाहेर आले. आणि पेपर आला तेव्हा कळलं, की तो गडी दोन दिवसांपूर्वीच पृथ्वीला एक चक्कर मारून खाली उतरला होता. आम्ही आभाळात ज्याची वाट पाहत होतो, तो त्याच्या घरी जेवून झोपला असेल.

पण बाईची रात्र खरी होती. तेव्हा मी दहाची. मृगाचे ढग मधेच फाटले आणि एक चांदणी सरळ चालत गेली, न लुकलुकता. तुम्ही म्हणालात, त्यात बाई आहे. रशियाची आहे, व्हॅलेंटिना नावाची, कापडाच्या गिरणीत काम करायची, आणि आईला न सांगता गेली आहे. आत्याआजी एकदम उठून बसली. बाई दारावरून जाऊन राह्यली अन् तिले तशीच काऊन जाऊ द्यायची, म्हणाली. ती स्वतः ओवाळायची नाही, म्हणून तबक माझ्या हाती दिलं. वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं. चांदणी पार गुलाबरावांच्या चिंचेआड गेली तरी मी ओवाळतच होते. त्या दिवसापासून ती आपल्या घरात वालूबाई झाली.

आता तुमचं काम. मी आत्याआजीजवळ विषय काढला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, गाय व्यायला झाली आहे. गाय व्याली. मग म्हणाली, डोळ्यावर पट्टी बांधून परक्या गावात पडणं तिच्यानं होणार नाही. मी सोबत राहते म्हटलं, तर माझा अभ्यास बुडतो म्हणाली. बाबा ओरडले, तेव्हा तिनं शांतपणे त्यांना ताक वाढलं. वाटीत, नीट. चाचपून.

गुडघे दुखतात म्हणून ती मामाच्या लग्नालाही रोहिणखेडला आली नव्हती, ते आठवतं ना? पण काका, रोज सांजेला ती भाकरीचा तुकडा घेऊन धाब्याच्या पायऱ्या चढते. कोणाचा हात न धरता. तुकडा कठड्यावर ठेवते. विचारलं तर कावळ्यासाठी म्हणते. सांजेला कुठला आला कावळा?

मी पिच्छा सोडणार नाही. काकूंना नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या, फुटाणे मी माफ केले.

आपली आज्ञाधारक,
शैलजा


॥ श्री ॥
उंद्री
२६ नोव्हेंबर १९६९

ति. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे.

काल रेडिओवर सांगितलं, की चंद्रावर गेलेले तिघं परत आले. संध्याकाळी आत्याआजी चुलीपुढे होती. मी आपलं सहज सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, की बाप्ये सारे येतात. ते ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी जवळ बसले. चार भाकऱ्या झाल्या. मग बोलली.

काका, वालूबाई परत आली, हे तिला कोणी सांगितलंच नाही!

त्या ओवाळण्याच्या दुसऱ्याच दिवशी पेरणी लागली. सगळी माणसं शेतावर, तुमची शाळा उघडली म्हणून तुम्ही खामगावला. गुलाबरावांच्या रेडिओचा सेल संपलेला. आणि ती स्वतः विचारणार नाही. निघालेल्या माणसाले टोकू नये म्हणते. वाटेत असंल अन् मी आली का म्हून विचारलं, तर वाट मोडंल तिची. आली असती तर कोणी सांगितलं असतं. कोणी सांगितलं नाही. म्हणजे ती अजून वरच आहे, नाहीतर... त्यापुढचं तिनं तोंडातून काढलं नाही.

निरांजन दोनदा विझलं होतं ना, ते तिनं मनाला लावून घेतलं. ती पोर घरी येईपर्यंत आपण गावची शीव ओलांडायची नाही, असं तेव्हाच मनात धरलं. गुडघे वगैरे काही नाही. कठड्यावरचा तो तुकडा कावळ्याचा नाही, लांबून आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकायचा आहे. रोज ताजा. मी म्हटलं, अगं आत्याआजी, ती तुझी कोण लागते? तर म्हणाली, की ती सोळाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली, तेव्हा तिच्यावरून दारात कोणी तुकडा ओवाळला नव्हता. एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली. काका, ती भाकरी करपली होती, आणि तिला ते दिसलं नाही.

मी लगेच सांगितलं, की वालूबाई केव्हाच सुखरूप उतरली. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, पण मानलं नाही. तू तवा एवढीशी पोट्टी, तुले काय ठावं, म्हणाली. भालूनं सांगितलं ती गेली म्हून. आली असंल तर भालूच सांगंल. ज्यानं जाण्याचा निरोप आणला, त्यानंच येण्याचा आणायचा असतो, तोही दारात उभं राहून. कागदावर चालत नाही. तेव्हा चिठ्ठी पाठवू नका, स्वतः या. आणि काका, ती खरंच आली ना? मी ठासून सांगितलं खरं, पण रात्री अंथरुणात माझी मलाच शंका आली.

माया असू द्या, आणि पाय लवकर लागू द्या.

शैलजा


॥ श्री ॥
खामगाव
२९ नोव्हेंबर १९६९

चि. शैलजा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी मधल्या सुटीत वाचलं. पुढच्या तासाला वर्गात उभा राहिलो आणि एक शब्द बोलू शकलो नाही. मुलांच्या मते तो माझा या वर्षातला सर्वांत चांगला तास.

आली. तिसऱ्या दिवशीच आली. छत्रीला लोंबकळत शेतात उतरली. तिथल्या शेतकऱ्यांनी तिला पोटभर खाऊ घातलं, त्याबद्दल तिला वरिष्ठांचं बोलणंही बसलं म्हणे. डॉक्टरांनी तपासण्याआधी जेवायचं नव्हतं. त्याच वर्षी लग्न झालं, नवराही अंतराळात जाऊन आलेलाच. आता पदरी पाच वर्षांची मुलगी आहे. हे सगळं मला ठाऊक होतं. मी ते शाळेत सांगितलं, वाचनालयात सांगितलं, एकदा जलंबच्या गाडीत एका अनोळखी माणसाला तो झोपेपर्यंत सांगितलं. जिनं तिला ओवाळून वाटेला लावलं, तिलाच सांगायचं राहिलं.

पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं येतो. भाकरी तू भाज, तुकडा आत्या ओवाळील, तिच्या स्वतःच्या हातानं. त्या हाताबद्दल गावात कोणी कुरकुर केली तर फक्त नाव कळव. माझं अक्षर वाईट असलं तरी शाई भरपूर आहे.

बाकी भेटीअंती. तोवर तिला एक अक्षर सांगू नकोस. मायेत अंतर पडू देऊ नये.

भालचंद्रकाका


॥ श्री ॥
शिबिराचा मांडव, खामगाव
२२ डिसेंबर १९६९

(सांगणार आत्या, लिहिणार भालचंद्र. लेखनिकानं एका ठिकाणी भाषा सुधारायचा प्रयत्न केला. तो पट्टीआडूनही पकडला गेला. तेव्हा जसं सांगितलं तसं.)

चि. शैले, तुले आशीर्वाद.

मी बरी हाव. आपरेशन झालं. दुखलं नाई, पण डॉक्टर लय बडबड्या होता, त्याचंच दुखलं. दोन्ही डोळ्यांले पट्टी हाय अन् डोक्याच्या दोन्ही अंगाले रेतीच्या पिशव्या ठेवल्या हायेत. मान हालवू नको, खोकू नको, हसू नको म्हून सांगितलं. हसू नको म्हटल्यावर नर्सबाईनं भाल्यालेच बाहेर काढलं होतं. मंग त्यानं तोंड उघडणार नाई अशी कबुली देल्ली तवा आत घेतला. आता मुक्यानं बसते बिचारा. मले खिचडी भरवते. घास मोठे देते, पण त्याले लहानपणी मीच असे मोठे देल्ले, बोलू कशी?

भाल्यानं दारात उभं राहून वालूबाई आली म्हून सांगितलं त्या दिशी तुकडा तुह्यावरून ओवाळला, कारण जातानी तबक तुह्या हाती होतं. शीव ओलांडतानी भाल्याचा हात धरला. पण वाट मोकळी वाटली. माह्या बाजूच्या खाटेवर मोताळ्याकडची पंचफुला नावाची बाई हाय. तिले मी वालूबाईचं सारं सांगितलं, पोरगी झाल्याचं बी. ती लय रडली. तिलेही रडू नको म्हून सांगितलं व्हतं.

गाईले सरकी वेळेवर देजो. अभ्यास करजो. किसनाले म्हणा ओरडू नको.

आत्याआजी

ता. क. — हे पत्र टपालात टाकायचं राहिलं होतं, म्हणून आज, ता. २४, पुढचं. सकाळी पट्टी उघडली. आत्याला उजव्या डोळ्यानं दिसतं. अजून धूसर आहे, चष्मा आल्यावर नीट दिसेल असं डॉक्टर म्हणतात. तिनं आधी मांडवाचं कापड पाहिलं, मग पंचफुलेला पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, भाल्या, तुहे केस पांढरे कवा झाले बे? मले कोणी सांगितलं काऊन नाई?

मी अजून बोलायचं नाही या कबुलीवर होतो, म्हणून तिला खिचडीचा मोठा घास भरवला.

भा.


॥ श्री ॥
उंद्री
१८ एप्रिल १९७०

चि. शैलजा हिस रोहिणखेड मुक्कामी आशीर्वाद.

परीक्षेनंतर मामाकडे मजेत असशील. कार्डावर जागा थोडी, म्हणून थोडक्यात.

गेल्या रविवारी आणखी तिघं चंद्राकडे निघाले. त्या दिवशी मी मुद्दाम उंद्रीला येऊन आत्याला सांगितलं. ही माझीच हौस. मंगळवारी त्यांच्या यानात स्फोट झाल्याची बातमी आली, तेव्हा मी खामगावात होतो. हवा पुरेल का, गारठ्यात जगतील का, परतीची वाट धरता येईल का, रोज नवं ऐकायचो आणि जेवण तसंच ठेवून उठायचो. तुझी काकू म्हणाली, की तुमचे कोण लागतात ते?

आज सकाळी बातमी लागली. चहा न घेता गाडी पकडली. इथे आल्यावर दादांनी सांगितलं, की गावभर चर्चा होती, पण आत्यानं आठवडाभर कोणाला एका शब्दानं विचारलं नाही.

ती ओट्यावर डाळ निवडत होती. जाड भिंगांचा चष्मा, त्यामागे उजवा डोळा पेरूएवढा. मला तिनं फाटकातच ओळखलं आणि सूप खाली ठेवलं. मी पायरी चढलो नाही. खालीच उभं राहून सांगितलं, की तिघंही आले.

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाली, की उन्हात काऊन उभा, वर ये, चहा घेतला नसंल.

शाळेत काही कळवलेलं नाही, तेव्हा दुपारच्या गाडीनं परत निघतो.

तुझा,
भालचंद्रकाका