डाळीच्या डब्यापाशी पाथर्डी

नाना, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मीही निवृत्त होऊन घरी बसलो आहे. आज सकाळी कपाट आवरताना ती सात कार्डं सापडली. त्यांना लावलेलं रबर वितळून चिकटलं होतं, ते खरवडून काढलं आणि मग हे लिहायला बसलो. लिहिण्याची मला सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं हाताळली, पण वाचले ते फक्त पत्ते.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. नगरच्या टपाल कचेरीत मी सॉर्टर म्हणून, आलेली पत्रं गावांप्रमाणे निवडायला, उमेदवारीवर लागलो होतो आणि नव्या माणसांना शिकवण्याचं काम तुमच्याकडे होतं. खाकी सदरा, कानामागे पेन्सिल, आणि माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्याला शिकवणारे तुम्ही सातवी पास. हे मी तेव्हा मनात धरून होतो, आज लिहून टाकतो. तुम्ही म्हणायचात, "गावं पाठ करू नको. पत्र कसं जातंय ते बघ." कोणती पिशवी गाडीने जाते, कोणती एस.टी.च्या टपावर, कुठे उतरते, पुढे कोण खांद्यावर घेऊन चालतो, हे तुम्ही सांगत बसायचात आणि मला कंटाळा यायचा. त्या वर्षी माणसं दुष्काळी कामांवर पांगली होती, त्यामुळे कसेही पत्ते यायचे. 'पाझर तलावाच्या कामावर, मुकादमाच्या हाती', एवढंच. तुम्ही पाठवणाऱ्या गावाचा शिक्का बघायचात, तिथली माणसं कोणत्या कामावर गेली आहेत ते तुम्हाला ठाऊक असायचं, आणि कार्ड बरोबर खान्यात पडायचं. मला वाटायचं, याची परीक्षा थोडीच आहे. मी घरी यादी घोकत होतो.

परीक्षा म्हणजे शंभर कार्डं. प्रत्येकावर एका गावाचं नाव, समोर लाकडी खाने, एकेका पिशवीचा एकेक. ठरलेल्या वेळात गाव आपापल्या खान्यात टाकायचं. चार चुका चालायच्या. पाचवी झाली की नापास, आणि त्या वर्षी नापास उमेदवाराला कोण ठेवून घेणार होतं? वडील नव्हते. आई आणि दोन बहिणी माझ्याकडे डोळे लावून होत्या. कार्डं हातात आली आणि घोकलेली यादी मध्येच तुटली. राहुरीजवळच्या देवळाली प्रवराचं कार्ड मी नाशिकची देवळाली समजून नाशिकच्या खान्यात टाकलं, हे टाकतानाच कळलं होतं.

तुम्ही खाने तपासता आहात. चुकीचं कार्ड काढून टेबलावर उपडं ठेवता आहात. मी तुमच्या मागे उभा राहून मोजतो आहे. सात. तुम्ही कानामागची पेन्सिल काढता, पुन्हा ठेवता, मग शाईचं पेन घेता आणि तक्त्यावर तीन लिहिता. सातही कार्डं सदऱ्याच्या खिशात जातात. साहेबांना तुम्ही सांगितलंत, "तीन. बरा हाय." पुढे जिन्याखाली मला गाठलंत तेव्हा तुमचा चेहरा लाल झाला होता. "बावीस वर्षांत पैल्यांदा खोटं लिव्हलंय. आता ते खरं कर."

कचेरीत सराव केला असता तर सगळं उघडं पडलं असतं, म्हणून रोज सकाळी ड्यूटीआधी तुमच्या घरी यायचं ठरलं. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे हे आपले खाने. तांदळाच्या डब्यापाशी शेवगाव, डाळीच्या डब्यापाशी पाथर्डी, गुळाच्या डब्यापाशी श्रीगोंदा, चहाच्या डब्यापाशी राहुरी. तुम्ही घरी तशीच कार्डं लिहून ठेवली होती; मी कार्ड ठेवायचो आणि ते तिथे कसं पोचतं हे मोठ्याने सांगायचो. सांगता आलं नाही की कार्ड परत हातात. काकू चुलीपाशी मिलोच्या, रेशनवरच्या त्या लाल परदेशी ज्वारीच्या, भाकरी थापत असायच्या. एकदा त्यांनी डाळीचा डबा हलवून बघितला आणि म्हणाल्या, "पाथर्डीत आज काय न्हाई, नुसत्या भाकरीवर भागवा." तुम्ही हसलात. मी हसलो नाही, कारण तुमच्या घरात डाळ नव्हती आणि मी रोज तिथे अर्धी भाकरी खात होतो. कचेरीत मला जावईबापू म्हणू लागले. सासऱ्याकडे आज काय बेत होता, असं विचारायचे. तुम्ही ऐकून घ्यायचात. तुमच्या घरी मुलगी नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं.

दोन महिन्यांनी तुम्ही त्याच फळीसमोर पुन्हा सगळी शंभर कार्डं माझ्या हातात दिलीत. एकच चूक झाली.  मग ती सात कार्डं रबर लावून माझ्या हातात ठेवलीत. "झालं खरं. ही घेऊन जा, माज्या घरात सापडाय नकोत."

पुढे तुमच्या जागी मी आलो. नव्यांना शिकवायला मीच. पिन कोड आले, तक्ते छापून आले, शिकवणं सोपं झालं. मी कडक म्हणून ओळखला जाऊ लागलो. नानांच्या हाताखाली तीन चुकांत पास झालो, असं मी प्रत्येक तुकडीला सांगत असे. निरोप समारंभातही हेच सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट आहे. काष्टीची एक बाई आली. नवरा टपाल खात्यात होता, तो वारला म्हणून तिला घेतलं होतं. हात सावकाश चालायचा, पण बाई पत्ता वाचून क्षणभर थांबायची, जणू पत्र कोणत्या वाटेने जाईल ते बघत असावी. तसं थांबणारं तुमच्यानंतर मी कोणी पाहिलं नव्हतं. तिच्या पाच चुका झाल्या. ती म्हणाली, "सायेब, पंधरा दिस द्या. पुन्यांदा घ्या माजी परीक्षा." मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा आहे. पाच लिहिले. पाच खरेच होते.

तिला कामावरून काढलं नाही, पाणी भरायला ठेवलं. मी निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षं, रोज सकाळी ती माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि खान्यांकडे न बघता निघून जायची. पंधरा दिवस मला देता आले असते. माझ्या घरातही फळी होती, डबे होते, आणि ते भरलेले होते. रोज तांब्या आला की आज सांगू असं वाटायचं. काय सांगू, तर माझ्या सात होत्या. अकरा वर्षांत ते तोंडातून निघालं नाही.

ती आता काष्टीला असते, असं कळलं. तिकडची पिशवी दौंडच्या गाडीने जायची, आणि पुढे स्टेशनवरून कोण उचलायचं तेही मला अजून आठवतं. तुमच्या त्या फळीवर काष्टी श्रीगोंद्यात, गुळाच्या डब्यापाशी होती. म्हणजे तिला पत्र लिहिलं तर नक्की पोचेल.

खरं तर सकाळी बसलो होतो ते तिलाच लिहायला. कागदावर नाव घालायची वेळ आली आणि हाताने 'नाना' लिहिलं. तुम्हाला सांगणं सोपं गेलं, तुम्हाला आधीच माहीत होतं.