राणी, पण कुठल्या देशाची?

८ जून १९८६, अर्विंग, टेक्सास

जयवंत काल परतला. डोक्यावरचे केस काढलेले, चेहरा ओढलेला. एअरपोर्टवर रोहननं बापाला पटकन ओळखलंच नाही. थोरल्या दिरांचं, दादासाहेबांचं, तेरावं नीट पार पडलं म्हणे.

आज जेवताना एकदम म्हणाला, "दादाला मुलगा नाही. म्हणजे आता मीच."

"मीच काय?"

"गादी."

मी वरणाचं पातेलं हातात धरून उभी. तनखे बंद झाले, किताब गेले, त्याला पंधरा वर्षं झाली. राजवाड्यात आता कॉलेज भरतं. लग्नाआधी यानंच मला हसत सांगितलं होतं, संस्थान म्हणजे आता फक्त पत्रिकेत छापायचं एक विशेषण.

दादासाहेबांना दोन मुली आहेत, त्यांचं काय, असं विचारलं. त्यानं लोणचं मागितलं.

अकरा वर्षांच्या रोहनचा एकच प्रश्न: "डू आय गेट अ हॉर्स?"

१५ जून

थोडं थोडं कळतंय. गादी म्हणजे देवीच्या देवळाचा ट्रस्ट, दसऱ्याला पालखीपुढचा पहिला मान, आणि गावातलं राहतं घर. घर रिवाजानं गादीवरच्या माणसाचं. त्यात आज आईसाहेब (माझ्या सासूबाई) आणि विधवा जाऊबाई राहतात. जयवंत नाही म्हणाला तर सगळं चुलत दिराकडे, प्रतापरावांकडे जाणार. त्या दोघी मग स्वतःच्याच घरात पाहुण्या.

हे ऐकल्यावर "कसली गादी" म्हणून हसता येईना.

पण मग आपण अर्विंग सोडून जायचं का? जयवंत: "तसं कोण म्हणतंय?" मग कसं? "बघू."

२२ जून

आज खरी गंमत कळली. गंमत कसली.

जयवंतच्या आजोबांच्या भावानं एक मडम लग्न करून आणली होती. आजोबा संतापले आणि घराण्याचा कायमचा नियम करून टाकला: परमुलखात जन्मलेल्या बाईच्या पोटचा मुलगा गादीवर बसणार नाही, आणि अशी बाई राणी म्हणून पूजेला बसणार नाही. प्रतापरावांनी आता तोच नियम वर काढलाय: राणी पूजेला नाही, पुढे वारस नाही, म्हणून गादी त्यांचीच.

"म्हणजे कोणाबद्दल?" मी विचारलं.

जयवंत खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुझ्याबद्दल."

मी! वडील कऱ्हाडचे, आई वाईची. नैरोबीत घरी मराठीशिवाय दुसरं बोललं तर वडील जेवायला वाढू देत नसत. पण जन्म नैरोबीचा, हे खरं.

रोहन डॅलसच्या हॉस्पिटलात जन्मला, ते चालतं का? चालतं. नियम आईबद्दल आहे. बापानं आयुष्य टेक्सासमध्ये काढलं, तेही चालतं.

दिवसभर कामावर, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, स्लाइडवर लक्ष नव्हतं. एक परत करावी लागली.

२९ जून

प्रतापरावांशी लढायला जयवंतनं तिकडे धरलेल्या वकिलांचा फोन. त्यांचं म्हणणं, मी भारताचं नागरिकत्व घेतलं तर कोर्टात काहीतरी बाजू मांडता येईल. पण नियम तर जन्माचा आहे ना? जयवंत म्हणतो, जन्म बदलता येत नाही, पासपोर्ट बदलता येतो, म्हणून वकील पासपोर्टाबद्दल बोलतात.

इथे माझ्या सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू ऑगस्टमध्ये.

माझ्या देशांचा हिशेब कोणाला सांगावा? केनिया स्वतंत्र झाला तेव्हा वडिलांनी ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. पुढे कळलं, त्या पासपोर्टावर ब्रिटनमध्येच राहता येत नाही. पुण्यात कॉलेजात असताना व्हिसा वाढवून घ्यायला दरवर्षी चकरा. खिडकीतला माणूस माझं मराठी ऐकून म्हणायचा, "अहो, मग तुम्ही परदेशी कशा?" मलाही तेच विचारायचं असायचं. कॉलेजातच जयवंत भेटला. लग्नानंतर भारताचं करून घेऊ म्हणत इकडे आलो आणि राहूनच गेलं.

या वेळी पहिल्यांदा कोणीतरी देश द्यायला तयार आहे. आणि आता थांब म्हणतात.

१३ जुलै

देशकरांकडे पॉटलक, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ न्यायचा. माझी कोशिंबीर. बातमी सगळीकडे पोचलेली. देशकर काका, नागपूरचे डॉक्टर, दारातच कमरेत वाकले. "राणीसाहेब, कोशिंबीर कुठं ठेवू?" सगळे हसले, मीही. जयवंत नाही हसला. येताना गाडीत म्हणाला, "तुला हा सगळा जोक वाटतो."

"मला काय वाटतं तेच कळत नाहीये."

"आई एकटी पडलीय तिकडे."

तेही खरंच. भांडण नाही झालं. झालं असतं तर बरं झालं असतं.

३ ऑगस्ट

जयवंत स्पष्ट बोलला अखेर. इंटरव्ह्यू कॅन्सल कर. एक वर्ष फक्त. भारताचा अर्ज कर, दसऱ्याला चल, पूजेला बस. पुढचं पुढे.

मी म्हटलं, नियमाप्रमाणे मी पूजेला बसूच शकत नाही ना? तर म्हणे, बसलीस की मग कोणी उठवणार नाही.

म्हणजे नियम आहे की नाही? आहे, पण मोडला की राहत नाही? आणि राणी झाल्याशिवाय बसता येत नाही, बसल्याशिवाय राणी होता येत नाही, असं काहीतरी. डोकं दुखलं. दोडका चिरून ठेवला आणि भाजी करायची विसरले.

इंटरव्ह्यू कॅन्सल केलेला नाही. करणार नाही असंही म्हटलेलं नाही.

२१ ऑगस्ट

इंटरव्ह्यू झाला. जयवंतला सांगून गेले. "जा" म्हणाला, तोंड पेपरात.

ऑफिसर वयस्क, शांत. राज्यघटना, सिनेटर, सगळं बरोबर आलं. मग सहज विचारल्यासारखं: तुमच्याकडे वंशपरंपरागत किताब वगैरे काही आहे का? असला तर शपथेच्या वेळी जाहीरपणे सोडावा लागतो.

मी म्हटलं, "आय डोन्ट नो."

त्यानं चष्मा काढला. "मॅम, यू डोन्ट नो इफ यू आर अ क्वीन?"

सांगायचा प्रयत्न केला. भारत सरकार म्हणतं किताब नाहीत. नवऱ्याचं घराणं म्हणतं आहेत, पण मला नाहीत. नवरा म्हणतो, मी एका दिवशी एका पाटावर बसले तर असतील. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, शपथविधीपर्यंत ठरवा.

पास केलं मला. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून रडले. आनंदानं की काय, सांगता येत नाही.

७ सप्टेंबर

आज सकाळी आईसाहेबांचा फोन. जयवंत रोहनला सॉकरला घेऊन गेलेला. ते माहीत असल्यासारखंच त्या म्हणाल्या, "तो घरी नाही ना? बरं झालं, सूनबाई. तुमच्याशीच बोलायचं होतं."

त्यांनी तब्येत विचारली. पाऊस बरा आहे म्हणाल्या. मग एकदम म्हणाल्या,

"मी बेळगावची, असं सगळे समजतात. माहेर बेळगावचंच. पण आईचं बाळंतपण तिच्या माहेरी झालं. डिचोलीला."

माझ्या डोक्यात उजेड पडेना. "डिचोली म्हणजे गोव्यात ना?"

"तेव्हा तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. मामंजींनी नियम केला तो माझ्या लग्नाच्या आधी. मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चाळीस वर्षं दसऱ्याला पूजेला बसले."

म्हणजे नियम खरा धरला तर दादासाहेब गादीवर बसायलाच नको होते. आणि जयवंतही वारस नाही. आणि खरा धरला नाही, तर मी...

"आईसाहेब, हे कोर्टात सांगितलं तर?"

"सांगितलं तर एक तर तुमचा मार्ग मोकळा होईल, नाही तर माझ्या दोन्ही मुलांचा हक्क जाईल. काय होईल ते वकिलाला विचारायची माझी छाती नाही."

"मग मला का सांगितलंत?"

"तुम्हाला परकी म्हणतात ते ऐकवेना." मग लगेच, "जयवंतला बोलू नका. त्याच्या वडिलांनाही माहीत नव्हतं."

फोन ठेवला. पंधरा वर्षांत त्या माझ्याशी एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

जयवंत आला. "कोणाचा फोन होता?" आईसाहेबांचा, तब्येत विचारत होत्या, असं सांगितलं. खोटं नाही. खरं तरी कुठे आहे.

१४ सप्टेंबर

आठवडाभर तोंडावर येतं आणि थांबतं. सांगितलं तर हा प्रतापरावांच्या तोंडावर फेकेल आणि आईसाहेब उघड्या पडतील. नाही सांगितलं तर माझ्यामुळे गादी गेली असं आयुष्यभर समजेल.

काल विचारलं, "समजा नियमच खोटा निघाला तर?"

म्हणाला, "नियम खोटा निघाला तर गादी तरी कशाच्या जोरावर मागायची?"

बरोबर बोलला. त्यामुळेच जास्त गोंधळ.

२५ सप्टेंबर

शपथ झाली. जयवंत सुट्टी घेऊन, टाय लावून आला. मी ये म्हटलं नव्हतं. रोहन शाळा बुडवून.

आत जाताना टेबलावरच्या बाईनं यादीत नाव शोधलं आणि विचारलं, एनी टायटल्स? जयवंत माझ्या शेजारीच उभा. मी म्हटलं, "नो." तिनं खूण केली आणि पुढच्याला हाक मारली. एवढंच.

हात वर करून शपथ घेतली. शेजारी एक व्हिएतनामी आजी होत्या, त्यांना शब्द येत नव्हते, नुसते ओठ हलवत होत्या.

परतताना गाडीत रोहन मागे छोटा झेंडा फिरवत होता. जयवंत म्हणाला, "नाही म्हणालीस. किताब सोडला, असं नाही म्हणालीस."

"फरक काय?"

"सोडला म्हणाली असतीस, तर निदान होता असं तरी झालं असतं."

त्यानं हात गिअरवरून काढून माझ्या हातावर ठेवला. रागावलाय असं वाटत होतं. तसा नव्हता. कसा होता, माहीत नाही.

घरी आल्यावर ट्रॅव्हल एजंटचा फोन. दसऱ्याची तिकिटं धरून ठेवलीत, किती पक्की करायची ते उद्यापर्यंत सांगा. नवा पासपोर्ट यायचाय, त्यावर व्हिसा घ्यायचाय, तेवढ्यात होईल का कोण जाणे. जयवंतनं फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "एक सांगू की तीन?"

मी म्हटलं, आधी जरा बस. तुला एक विचारायचंय, आईसाहेबांबद्दल. तो बसला. मी चहा टाकला.